काकांचा मुका डबा



गेल्या महिन्यात काकांचा फोन आला. "अरे, तुझा तो डबा चार दिवस झाले मुका आहे. रात्री अडीचला बॅटरी घेऊन मळ्यात जातोय मी."

डबा म्हणजे मी त्यांच्या विहिरीवरच्या स्टार्टरला जोडून दिलेलं यंत्र. आत एक ४जी मॉडेम आणि एक सिम. थ्री-फेज लाईट रात्रीच येते. ती आली की काकांच्या मोबाईलवर कळतं आणि मोटर घरात बसून चालू करता येते. काका सत्तरीचे, वाट उसातून, त्यात उन्हाळ्यात सापांची भीती. शनिवारी लॅपटॉप घेऊन बेळगावहून निघालो. मळा चंदगड तालुक्याच्या हद्दीला अगदी चिकटून आहे.

मॉडेमला ना स्क्रीन, ना बटण. यूएसबी केबल लावायची, लॅपटॉपवर टर्मिनल उघडायचं आणि त्याच्याशी लिहून बोलायचं. प्रत्येक आज्ञा 'एटी'ने सुरू होते. एटी म्हणजे अटेन्शन, आपल्या भाषेत 'अरे, इकडे लक्ष दे'. ही पद्धत १९८१ च्या हेज स्मार्टमॉडेमपासूनची. तो टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला जेमतेम ३०० बिट पाठवायचा. आजचे ४जी मॉडेमही तीच भाषा बोलतात.

नुसतं 'एटी' टाईप केलं, 'ओके' आलं. म्हणजे डबा जिवंत होता.

'एटी+सीपीआयएन?' म्हणजे सिम ठीक आहे का? उत्तर : रेडी.

'एटी+सीएसक्यू' म्हणजे रेंज किती? हा आकडा ० ते ३१ असतो, आणि ९९ आलं तर रेंज कळतच नाही असं समजायचं. आम्हाला १८ मिळाले. पुरेसे होते.

मग मला एपीएनचा संशय आला. एपीएन म्हणजे कंपनीच्या इंटरनेटच्या दाराचं नाव. जिओचं 'जिओनेट', तसं प्रत्येकाचं वेगळं. ते 'एटी+सीजीडीसीओएनटी=१,"आयपी","एपीएनचं नाव"' असं भरतात. (टाईप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि आकडे.) इथला १ हा त्या सेटिंगचा क्रमांक. नाव बदललं तर 'एटी+सीएफयूएन=०' देऊन रेडिओ बंद करायचा आणि '=१' देऊन पुन्हा चालू, म्हणजे नवीन नावाने जोडणी होते. पण आमचं नाव बरोबरच होतं.

'एटी+सीजीपीएडीडीआर=१' विचारलं, तर चक्क आयपी पत्ता आला! इंटरनेट चालू होतं. मग डबा गप्प का?

उत्तर 'एटी+सीईआरईजी?' मध्ये निघालं. नेटवर्कवर नोंदणी झाली का, हे ती सांगते. दुसरा आकडा १ असेल तर आपलं नेटवर्क, २ म्हणजे शोध चालू, ३ म्हणजे नकार आणि ५ म्हणजे रोमिंग. आमचा आकडा होता ५. 'एटी+सीओपीएस?'चं उत्तर आकड्यात मागितलं, तर कंपनी तीच, पण कोड महाराष्ट्र सर्कलचा. सिम कर्नाटकाचं, डब्याने पलीकडचा टॉवर धरला होता. आपल्याकडे एकाच कंपनीचे कोडसुद्धा सर्कलनुसार वेगळे असतात.

म्हणजे चूक माझी होती. प्रोग्रॅममध्ये मी लिहिलं होतं : आकडा १ असेल तरच पुढे जा. बेळगावात घरच्या टेबलावर तो नेहमी १ च यायचा. '१ किंवा ५' एवढी एक ओळ दुरुस्त केली.

काकांना समजावून सांगितलं. ते हसले. "म्हणजे सिमला कळलं आपण हद्दीवर राहतो, आणि तुला नाही!"

यावर काय बोलणार? चार रात्री त्यांनी त्या उसातून फेऱ्या मारल्या होत्या, माझ्या एका आकड्यापायी.

तुमच्याकडे असं यंत्र असेल तर क्रम लक्षात ठेवा : आधी सिम, मग रेंज, मग नोंदणी, मग एपीएन, शेवटी पत्ता. मी नोंदणीची पायरी गाळून थेट एपीएनवर उडी मारली आणि तासभर फुकट घालवला. आणि जिथे ते बसवायचं, तिथेच नेऊन तपासा.

त्या रात्री दोन चाळीसला माझ्याही मोबाईलवर मेसेज आला : लाईट आली, मोटर चालू. सकाळी काकूंचा फोन आला. काका झोपले होते म्हणाल्या, अजून.