विश्लेषण : दरडीचा धोका ‘एआय’ने वर्तवला, तर त्यावर विसंबायचे कसे?

खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर १९ जुलै २०२३ रोजी रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले. ५७ जण बेपत्ता असतानाच चार दिवसांनी शोधकार्य थांबवावे लागले. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारनेच विधिमंडळात सांगितले. अशी ठिकाणे ओळखण्यासाठी संशोधक आता मशीन लर्निंगचा वापर करतात. मात्र यंत्राच्या उत्तरामागचे कारण काय आणि त्याची खात्री किती, हे प्रश्न संख्याशास्त्राचे आहेत.

मॉडेल धोका कसा ठरवते?

पूर्वी दरडी कोसळलेल्या आणि न कोसळलेल्या जागांचा उतार, माती, पाऊस यांची माहिती मॉडेलला दिली जाते. संख्याशास्त्रज्ञ लिओ ब्राइमन यांनी २००१ मध्ये मांडलेली ‘रँडम फॉरेस्ट’ पद्धत यासाठी बरीच वापरली जाते. शेकडो निर्णयवृक्षांच्या कौलातून उत्तर मिळते, पण कारण समजत नाही.

कारण कसे शोधतात?

सामूहिक कामाच्या फायद्यात प्रत्येकाचा वाटा कसा ठरवावा, याचे सूत्र लॉइड शेपली यांनी १९५३ मध्ये दिले. त्यावर आधारित ‘शॅप’ पद्धत २०१७ मध्ये आली. एखाद्या वाडीच्या धोक्याच्या आकड्यात उताराचा वाटा किती, पावसाचा किती, हे ती दाखवते.

ते पुरेसे आहे का?

नाही. ‘शॅप’ मॉडेलचे वागणे उलगडते, डोंगराचे नव्हे. तीव्र उतार आणि जास्त पाऊस एकाच ठिकाणी असले, तर कोणाचा वाटा किती हे धूसर होते. म्हणून ब्रॅडली एफ्रॉन यांच्या १९७९ मधील ‘बूटस्ट्रॅप’ पद्धतीने त्याच नोंदींतून पुन:पुन्हा नमुने घेऊन मॉडेल तपासता येते. दरवेळी वाडीचा क्रम बदलत असेल, तर तो आकडा कच्चा समजावा.

नोंदच नसेल तर?

खरी अडचण इथे आहे. रस्ते, लोहमार्गांलगतच्या दरडींची नोंद लगेच होते. आडवाटेच्या डोंगरातील अनेक दरडी नोंदीबाहेर राहतात. इरशाळवाडीला गाडीरस्ता नव्हता. बचाव पथकांना डोंगर चढून जावे लागले. अशा ठिकाणी ‘नोंद नाही’ म्हणजे ‘धोका नाही’ असे मॉडेल शिकले, तर ‘शॅप’ त्या चुकीचेही नीटनेटके स्पष्टीकरण देईल.

त्यामुळे कर्जत-खालापूरच्या डोंगरवाड्यांसाठी ‘धोकादायक’ आणि ‘सुरक्षित’ एवढे दोनच रकाने पुरणार नाहीत. ‘माहिती अपुरी’ हा तिसरा रकाना हवा आणि प्रत्यक्ष पाहणी तिथून सुरू व्हायला हवी.