खेळणारे कोण, खेळवणारे कोण?

जुलै २०२५ मध्ये राज्याच्या विधान परिषदेतील एक चित्रफीत महाराष्ट्रभर फिरली. तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाईलवर पत्त्यांचा डाव दिसत होता. आपण रमी खेळत नव्हतो, समोर आलेली जाहिरात बंद करीत होतो, असा खुलासा त्यांनी केला. ३१ जुलैला त्यांचे कृषी खाते गेले आणि क्रीडा खाते त्यांच्याकडे आले! लोक पोट धरून हसले आणि विषय तिथेच संपला. पण मोबाईलवरच्या खेळाने मजुराच्या झोपडीपर्यंत जे केले आहे, ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यात कुरुंदा हे गाव आहे. हा हळदीचा आणि उसाचा पट्टा. टोकाईच्या नावाचा साखर कारखाना याच परिसरात उभा राहिला. अशा गावांतून सप्टेंबर २०१६ नंतर स्वस्त इंटरनेट आले आणि त्यामागोमाग व्हिडिओ गेम आले. २०१८ मध्ये पब्जी आला. ज्यांच्याकडे महागडा फोन नव्हता त्यांच्यासाठी साध्या फोनवर चालणारा फ्री फायर होता. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये पब्जीवर आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर बंदी घातली. २०२१ मध्ये पब्जी नाव बदलून परत आला. बंदीमुळे खेळाचे नाव बदलले, पोरांची ओढ तशीच राहिली.

ही ओढ का आहे? आपल्याकडे पोरांना दोन शिव्या हासडल्या की विचार केल्याचे समाधान मिळते. जरा खोलात जाऊ. भूमिहीन मजुराचा पोरगा बारावी होतो, भरतीची तयारी करतो. जाहिरात निघत नाही. निघाली तर परीक्षा लांबते, परीक्षा झाली तर निकाल अडतो. गेममध्ये मात्र वीस-पंचवीस मिनिटांत निकाल लागतो. तिथे कोणी आडनाव विचारत नाही, घर गावात आहे की वस्तीत हे विचारत नाही. नेम चांगला असेल तर रँक मिळते. जी समान संधी समाजाने नाकारली, तिची नक्कल पडद्यावर मिळते आणि पोरगा तिच्यात रमतो. ही ओढ समजून घेतल्याशिवाय उपाय सापडणार नाही.

पण नक्कल ती नक्कलच. तिची किंमत झोपेने, अभ्यासाने आणि मजुरीने चुकवावी लागते. रात्री दोनपर्यंत खेळलेला तरुण सकाळी हळद काढायला गेला काय किंवा पोलीस भरतीसाठी धावायला गेला काय, अंगात त्राण कुठून येणार? त्यात गरिबाच्या घरात बहुधा एकच फोन. शिष्यवृत्तीचा अर्ज त्याच्यावर, ई-पीक पाहणी त्याच्यावर आणि गेमही त्याच्यावर. भावाच्या हातात फोन असला की बहिणीचा अभ्यास बंद! जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात गेमच्या विकाराची नोंद आहे. स्वतःवर ताबा न राहणे, बाकी सारे मागे टाकून खेळणे आणि नुकसान दिसत असूनही न थांबणे, ही त्याची लक्षणे. प्रत्येक खेळणारा आजारी नसतो, पण ही लक्षणे घरात दिसू लागली तर डोळेझाक करू नये.

दुसरा धोका पैशाचा. गिरणगावातल्या कामगाराची मजुरी मटक्याने खाल्ली, हा इतिहास जुना नाही. हीच लूट पुढे रमी आणि काल्पनिक संघांच्या रूपाने खिशातल्या फोनवर आली. बक्षिसांच्या शब्दकोड्यांवरून मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला हा खटला १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजला. कौशल्य कुठे संपते आणि जुगार कुठे सुरू होतो, हा वाद तेव्हापासूनचा. कौशल्याच्या नावाखाली कंपन्यांनी वर्षानुवर्षे धंदा केला. दरवर्षी सुमारे ४५ कोटी लोक २० हजार कोटी रुपये गमावतात, असा सरकारचाच अंदाज होता. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाईन खेळांवर बंदीचा कायदा केला. ड्रीम ११ सारख्या कंपनीलाही रोख रकमेचे खेळ बंद करावे लागले. तथागतांनी सिगालोवाद सुत्तात जुगाराचे सहा तोटे गृहस्थाला समजावले आहेत. जुगाऱ्याच्या शब्दाला सभेत किंमत राहत नाही, हा त्यातलाच एक. संसदेला जाग यायला २०२५ साल उजाडले!

आता खरा प्रश्न. गेम खेळतो कुरुंद्याचा पोरगा, पण तयार करतो कोण? त्यासाठी परदेशातच पाहायला हवे असे नाही. 'राजी', 'इंडस' हे गेम पुण्यात तयार झाले. तिथे चित्रकार लागतात, संगणकाची भाषा जाणणारे लागतात, कथा लिहिणारे लागतात. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन आणि गेमिंगचे धोरण मंजूर केले. वीस वर्षांत दोन लाख रोजगारांची भाषा त्यात आहे. हे रोजगार खासगी क्षेत्रातले, म्हणजे आरक्षण नाही. ज्याच्या घरी संगणक आहे, ज्याचे शिक्षण इंग्रजीत झाले आहे, तो पुढे जाणार. आमच्या पोरांच्या वाट्याला पुन्हा गिऱ्हाईकाचीच भूमिका का?

म्हणून मागणी नेमकी हवी. बार्टीने स्पर्धा परीक्षांच्या प्रशिक्षणाबरोबर गेम तयार करण्याचे शिक्षण सुरू करावे. सामाजिक न्याय विभागाच्या वसतिगृहांत चांगले संगणक आणि मराठीतून शिकवणारे प्रशिक्षक द्यावेत. या धोरणाच्या निधीतला अनुसूचित जाती-जमातींचा वाटा सरकारने आकड्यांत जाहीर करावा. आणि विहारातल्या वाचनालयात पुस्तकांशेजारी एक-दोन संगणक बसवायला सरकारची वाट पाहण्याची गरज नाही. जयंतीच्या वर्गणीतला थोडा हिस्सा त्यासाठी काढता येतो. ज्या पोराला गेमची बारीकसारीक रचना तोंडपाठ आहे, त्याला ती बनवायला शिकवणे अवघड नाही. या एप्रिलच्या जयंतीची बैठक बसेल तेव्हा हा विषय पत्रिकेवर घ्या आणि त्या बैठकीला गेम खेळणाऱ्या पोरांनाही बोलवा.