चार वर्षांचा स्वातंत्र्यसैनिक

दिवाळी झाल्यावर एक गृहस्थ वडिलांच्या वर्षश्राद्धाला वाटायची स्मरणिका तपासून घ्यायला आले. वडील मराठी शाळेत मास्तर होते. सोळा पानांपैकी तीन पानं त्यांच्या चरित्राची. "पाच ओळी मी सांगितल्या, बाकी सगळं एआयनं लिहिलं," ते कौतुकानं म्हणाले. वाचायला घेतलं. एक काना चुकलेला नाही, वेलांटी जागची हललेली नाही. दुसऱ्या पानावर मात्र सरांनी १९४२च्या आंदोलनात भूमिगत राहून पत्रकं वाटली होती. फोटोखाली जन्मसाल होतं १९३८.

मी दोन्ही आकड्यांवर बोट ठेवलं. गृहस्थ हसले, थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "राहू द्या ना मॅडम. वाचायला बरं वाटतंय."

पस्तीसेक वर्षं मी प्रुफं वाचतेय. माणसाची चूक अडखळते. दमलेला जुळारी एक ओळ गाळतो, डीटीपीवाला 'दिन'चा 'दीन' करतो, डोळ्याला ठेच लागते आणि आपण थांबतो. या नव्या मजकुराला ठेचच लागत नाही. खोटी गोष्टसुद्धा ऱ्हस्व-दीर्घासकट बिनचूक येते. ती पकडायची तर शुद्धलेखनाचे नियम कामाचे नाहीत. संशय घ्यायची सवय लागते.

ती सवय मला लग्नपत्रिकांनी लावली. १९८९ साली नारायण पेठेतल्या एका छापखान्यात लागले तेव्हा पहिलं वर्षभर हातात दुसरं काही दिलंच नाही. 'मुहूर्त'मधला 'मु' ऱ्हस्व आणि 'हू' दीर्घ, हे मी व्याकरणाच्या पुस्तकात नाही, तिथं शिकले. आमचे वयस्कर मुद्रितशोधक म्हणायचे, "मजकूर मागाहून वाच. आधी तारीख आणि वार कालनिर्णयशी ताडून बघ." एकदा मी आळस केला. गुरुवारच्या लग्नाला बुधवार छापला गेला, चारशे पत्रिका रद्दीत गेल्या आणि माझे पैसे कापले. त्या दिवसापासून कुठल्याही मजकुरात आकडा दिसला की मी आधी दुसरा आकडा शोधते. मास्तरांचं १९३८ मला सापडलं ते यामुळे.

आता पत्रिका येत नाहीत. लोक मोबाइलवरच मजकूर करून घेतात, चित्रही तिथलंच. पतसंस्थेचा अहवाल, सोसायटीची नोटीस, सेवानिवृत्तीचं मानपत्र, सगळं त्याच वाटेनं गेलं. मला त्या कामांचं प्रेम नव्हतं. पानाला रुपया-सव्वा रुपया मिळायचा, शिशाच्या खिळ्यांनी जुळाऱ्यांची बोटं काळी पडायची आणि चाळिशी गाठेपर्यंत चष्म्याचे नंबर वाढायचे. जुन्या छापखान्याच्या आठवणीनं गहिवरणारे बहुतेक लोक तिथं कधी दिवसभर उभे राहिलेले नसतात. शिवाय यंत्र मीही वापरते. गेल्या महिन्यात माझ्याच एका लेखातला एक चुकलेला अनुस्वार त्यानं दाखवला.

पण हलकं काम हीच आमची शाळा होती. जावजी दादाजी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासायला होते. त्याच मुलानं पुढं १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला आणि देवनागरीला तिचं देखणं वळण मिळालं. टाइप घासायचं काम यंत्रानं केलं असतं तर फार बरं झालं असतं, फक्त तो मुलगा छापखान्यात कशाला आला असता?

'एआयमुळे नोकऱ्या जातील का' या चर्चेत माझ्या वयाच्या माणसांची काळजी केली जाते. आमचं काय, आम्ही निभावून नेऊ. वकिलाकडं अर्ज खरडणारा ज्युनिअर, बातमीदाराच्या हाताखालचा पोऱ्या, अनुवादकाला कच्चा खर्डा करून देणारी विद्यार्थिनी, यांची पायरी आधी काढली जातेय. हॉलिवूडच्या पटकथालेखकांनी २०२३मध्ये १४८ दिवस संप केला आणि यंत्राच्या मजकुरावर काही बंधनं घालून घेतली. त्यांची संघटना आहे. लग्नपत्रिका तपासणाऱ्यांची कुठली संघटना?

मराठीत हा प्रश्न जास्त अवघड आहे. इंग्रजी विकिपीडियावर सत्तर लाखांच्या आसपास लेख आहेत, मराठीवर लाखाच्या आसपास. एवढ्याशा शिदोरीवर यंत्र मराठी लिहितं, म्हणून त्याच्या मराठीखाली इंग्रजी वाजत राहतं. त्या स्मरणिकेत 'दिवसाच्या शेवटी सर एक शिक्षक होते' असं वाक्य होतं. मास्तर संध्याकाळी शिकवण्या घ्यायचे की काय, असं मला क्षणभर वाटलं. हे वाक्य कुणाला खटकणार नसेल, तर पाच-दहा वर्षांत तेच मराठी होऊन बसेल.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ला अभिजात दर्जा मिळाला, त्याला आता काळ लोटलाय. सत्कार पुष्कळ झाले. शासनाच्या भाषाविषयक संस्थांनी आणि मोठ्या प्रकाशकांनी यंत्रानं केलेला मजकूर तपासायला दरवर्षी थोडी पोरं पगार देऊन बसवावीत, चुका करू द्याव्यात. खर्च फार नाही. पण उद्घाटन करण्यासारखं त्यात काही नसल्यामुळे ते होईल असं मला वाटत नाही.

मास्तरांचं १९४२ मी कापलं. मुलगा नाराज होऊन गेला, पैसे मात्र पूर्ण दिले.

जूनपासून एक मुलगी शिकायला येते, एमए मराठी. तिला द्यायला हलकं काम माझ्याकडे नाही. म्हणून माळ्यावरचा जुन्या छापील पत्रिकांचा गठ्ठा काढला, त्या-त्या वर्षीची कालनिर्णय शोधली आणि तिला म्हटलं, तपास. संध्याकाळपर्यंत तिनं दोन वार चुकलेले काढून दाखवले. त्यातल्या एका पत्रिकेच्या प्रुफावर, ते प्रूफ अजून गठ्ठ्यातच होतं, खाली माझी सही आहे.