मोडीत देण्याआधी नाव वाचा

मैत्रिणींनो, दिवाळीच्या आधी माळा आवरायला काढला की काय काय खाली येतं ते तुम्हाला सांगायला नको. कान तुटलेली पातेली, कल्हई उडालेली भांडी, कुणाचा तरी पितळी डबा. मग एक दिवस सगळं मोडीत घालून नवीन काहीतरी घ्यायचं, हा आपला नेहमीचा शिरस्ता.

साताऱ्याकडच्या एका भगिनीने याच आवराआवरीतून एक प्रश्न पाठवलाय. त्या लिहितात, ‘जुन्या भांड्यांत एक गोल, जड चकती सापडली. लहान ताटलीएवढी, काळी पडलेली. वर बाईचं चित्र, सिंह आणि इंग्रजी अक्षरं. सासूबाई म्हणतात, लढाईत गेलेल्या कुणा चुलत आजेसासऱ्यांची आहे. नाव त्यांनाही आठवत नाही. भांडीवाला वजनावर घ्यायला तयार आहे. धाकटा मुलगा मात्र हट्ट धरून बसलाय की देऊ नको. काय करू? आणि लढाईचं त्याला काय सांगू?’

ताई, मुलाचं ऐका. ती चकती भांडीवाल्याला देऊ नका. पहिलं महायुद्ध (१९१४ ते १९१८) संपल्यावर, त्यात मरण पावलेल्यांच्या घरी इंग्रज सरकारने अशा ब्राँझच्या चकत्या पाठवल्या होत्या. तेरा लाखांहून जास्त घडवल्या गेल्या. रुंदी साधारण बारा सेंटिमीटर. हातात त्रिशूळ घेतलेली बाई, पायाशी सिंह, आणि उजेडात तिरकी धरलीत तर एका छोट्या चौकटीत उठावाची अक्षरं दिसतील. तेच त्या माणसाचं नाव. पुढे शिपाई, हवालदार, सुभेदार असा हुद्दा मुद्दामच घातलेला नाही. मरणात सगळे सारखे, हा त्यामागचा विचार.

आता हे नाव का मोलाचं, ते ऐका. या युद्धात हिंदी फौजेतले सुमारे चौऱ्याहत्तर हजार लोक गेले. आपल्याकडचे मराठे पुष्कळसे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढले. तिथे कुत या गावी डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत वेढा पडला होता. आत अडकलेल्यांत मराठा पलटणी होत्या. पुढे ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत, अशा चाळीस हजारांहून अधिक माणसांसाठी बसऱ्याला स्मारक झालं. पण त्यावर बहुतेक हिंदी शिपायांची नावं कोरलीच नाहीत. पलटणीचं नाव आणि पुढे फक्त आकडा! युद्धसमाध्यांची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ साली एका अहवालात हे कबूल केलं आणि माफीही मागितली.

म्हणजे तुमच्या माळ्यावरची चकती ही कदाचित त्या माणसाचं नाव धातूत असलेली एकुलती एक वस्तू असेल. ती वितळली की ते नावही गेलं.

घरातल्या वस्तू कशा जपाल?

आपला पहिला उत्साह घासायचा असतो. तोच आवरा. चिंच-मीठ, राख, पितांबरी, ब्रासो यातलं काही लावू नका. पदकांच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. चार दिवाळ्या घासलंत की ती अक्षरं पुसट होतात. कोरड्या मऊ मलमलीने धूळ पुसा, बस्स. काळपटपणा राहिला तर राहू दे.

पदकं, चकती धुतलेल्या, बिनखळीच्या सुती कापडात वेगवेगळी गुंडाळा. प्लॅस्टिकची पिशवी नको, त्यात दमट हवा कोंडते. कोकणात तर नकोच. पदकाच्या फितीला धुवायला घेऊ नका, रंग जातो.

जुनी पत्रं असतील तर ती घडीवर फाटू लागतात आणि आपण पटकन चिकटपट्टी लावतो. ती काही वर्षांत पिवळी पडून अक्षरंच घेऊन येते. लॅमिनेशनही करू नका. पत्र अलगद उलगडून सपाट ठेवा, वरखाली कोरा कागद घाला. कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा वाळलेला पाला कापडी पुरचुंडीत बांधून डब्याच्या कोपऱ्यात ठेवा. डांबराच्या गोळ्या कागदाला टेकू देऊ नका. आणि मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो काढून तो घरातल्या चार जणांकडे ठेवा. एकाचा फोन बिघडला तरी दुसऱ्याकडे राहतो.

फोटोच्या मागे शिसपेन्सिलीने, दाब न देता, हे कोण, कुठलं गाव, कुठली पलटण, एवढं लिहा. हे काम आजच करा. घरातली म्हातारी माणसं आहेत तोवरच हे विचारता येतं. सासूबाईंना नाव आठवत नसेल, पण नणंदेच्या सासरी, आतेसासूबाईंच्या आठवणीत ते असू शकेल. लग्नाकार्याला सगळे जमतात तेव्हा फोटो घेऊन जा आणि विचारा.

नंबर आणि पलटण मिळाली तर त्या राष्ट्रकुल आयोगाच्या नोंदी संगणकावर फुकट पाहता येतात. मराठी नावं इंग्रजीत कशीही लिहिलेली असतात, म्हणून एकाच स्पेलिंगवर अडून बसू नका. स्वातंत्र्यानंतरच्या लढायांत कामी आलेल्या पंचवीस हजारांहून अधिक जवानांची नावं दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात ग्रॅनाइटवर कोरलेली आहेत. ते २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं. पुण्याच्या कॅम्प भागात १९९८ साली लोकवर्गणीतून उभं राहिलेलं स्मारक आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावात तर पहिल्या महायुद्धात गेलेल्या गावच्या शेहेचाळीस जणांचं स्मारक आहे. सुट्टीत गडावर नेता, देवाला नेता, तसं मुलांना एकदा अशा ठिकाणीही न्या. आणि नुसता नमस्कार करून परतू नका. एक नाव मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या.

दिवस कुठला धरायचा?

वेगळा समारंभ काढायला नको. स्वयंपाकघरात टांगलेल्या दिनदर्शिकेतच दिवस आहे. भाद्रपद वद्य चतुर्दशी, सर्वपित्रीच्या आदला दिवस. तिथे ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ असं छापलेलं असतं, म्हणजे शस्त्राने मरण आलेल्यांची तिथी. आपण ते वाचतो आणि पान उलटतो.

श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा अशी तीन पिढ्यांची नावं मुख्यतः घेतली जातात. पण लढाईत जाणारा बहुतेक वेळा विशी-बाविशीचा पोर. लग्न झालेलं नाही, मूलबाळ नाही. त्याचं नाव घेणार कोण? भावाच्या, पुतण्याच्या घरानेच घ्यायचं. विधी करा अथवा करू नका, तो ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. त्या दिवशी जेवताना एकदा त्याचं नाव आणि त्याची एक गोष्ट सांगायची, एवढं तर कुणालाही जमेल. ज्यांच्या घरी पितृपक्ष पाळत नाहीत त्यांनी तो गेला ती तारीख धरावी.

घरात असं कुणी नसेल तर ७ डिसेंबरचा ध्वजदिन आहेच. १९४९ पासून तो पाळला जातो आणि जमणारा निधी सैनिकांच्या, त्यांच्या कुटुंबांच्या मदतीला जातो. शाळेतून मुलाने छोटा झेंडा आणला की पैसे देऊन मोकळ्या होऊ नका. हे कशासाठी, ते दोन वाक्यांत सांगा.

मुलांना सांगायचं काय?

पाच-सहा वर्षांच्या मुलाला तोफा-बंदुका नकोत. काकांचं नाव काय, त्यांना काय आवडायचं, ते घरी परत आले नाहीत म्हणून सगळ्यांना वाईट वाटलं, इतकं पुरे. ‘देवाघरी गेले, तारा झाले’ असं रंगवू नका. मूल रात्री ताऱ्यांकडे बघत बसतं.

आठ-दहा वर्षांच्या मुलाला नकाशा उघडून द्या आणि एक खरी गोष्ट सांगा. मी सुचवते ती यशवंत घाडगे यांची. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा हा कोकणी मुलगा, मराठा पलटणीत नाईक. १० जुलै १९४४ रोजी इटलीत त्याच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला आणि तो सोडून सगळे पडले किंवा जखमी झाले. तो एकटा धावत गेला, ती तोफ बंद पाडली आणि तिथेच शत्रूच्या गोळीने गेला. वय बावीस. मरणोत्तर त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

गोष्ट इथे थांबवू नका. २०२३ साली इटलीतल्या मोंतोने या छोट्या गावाने त्याच्या नावाने स्मारक उभारलं, तेही सूर्यघड्याळाच्या रूपात. त्यावर लॅटिन वचन आहे, त्याचा अर्थ असा की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. जिथे तो परक्या मुलखात पडला तिथल्या लोकांना त्याचं नाव माहीत आहे. माणगावला त्याचा पुतळा आहे. मुंबई-गोवा रस्त्याने आपण कितीदा तिथून जातो! पुढच्या वेळी गाडी थांबवा.

चौदा-पंधराची मुलं विचारतात, ‘आई, पण हे तर इंग्रजांसाठी लढले ना?’ हो म्हणा. घरची शेती पुरत नव्हती, पगार हवा होता, पलटणीत गावची माणसं होती, म्हणून गेले. हे लपवण्यात काही मोठेपणा नाही. सत्य कळलं म्हणून त्या माणसाबद्दलची माया कमी होत नाही. आणि एक पथ्य पाळा. आपल्या माणसाची आठवण सांगताना दुसऱ्या देशाच्या माणसांचा द्वेष ताटात वाढू नका. पलीकडेही कुणाची तरी आई वाट बघत होती, हे मुलाला आपल्याच तोंडून कळलेलं बरं.

आणि तिचं काय?

हा सगळा जुना काळ झाला. पण आपल्याच गल्लीत, आपल्याच सोसायटीत अशी एखादी असते, जिचा नवरा सीमेवरून परत आला नाही. १५ ऑगस्टला आपण तिला व्यासपीठावर बसवतो, शाल-श्रीफळ देतो, ‘वीरपत्नी’ म्हणतो. आणि संक्रांतीला हळदीकुंकवाच्या यादीतून तिचं नाव गुपचूप गाळतो. मुलं हे बघत असतात. भाषणापेक्षा ही गाळलेली ओळ त्यांना जास्त शिकवते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद केलं. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही इतर गावांनी तसंच करावं असं परिपत्रक काढलं. एका खेड्याला जे जमलं ते शहरातल्या आपल्या भिशीमंडळाला का जमू नये?

स्वतः घरी जाऊन बोलावणं करा, मोबाइलवर निरोप टाकू नका. ‘तुमची इच्छा असेल तर कुंकू लावते’ असं आधी एकटीलाच विचारा, चारचौघींत नको. ती नाही म्हणाली तर आग्रह करू नका, पण वाण सगळ्यांसारखंच द्या. सासूबाई कुरकुरल्या तर वाद घालू नका. त्यांच्या माहेरीसासरी कुणी फौजेत होतं का, ते विचारा. साताऱ्या-कोल्हापूरकडे बहुतेक घरांत कुणीतरी निघतंच.

तिच्या नवऱ्याचा विषय टाळू नका. आपण टाळतो, तिला वाईट वाटेल म्हणून. पण ज्याचं नाव कुणीच घेत नाही, त्याचं तिने बोलावं तरी कुणाशी? ‘भाऊजींना माझ्या हातची पुरणपोळी आवडायची’ असं सहज म्हणा. ती रडली तर रडू द्या, हसली तर तुम्हीही हसा. तिच्या मुलांना ‘शहिदाचा मुलगा’ म्हणून हाक मारू नका. त्यांना स्वतःची नावं आहेत.

कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये काश्मीरमध्ये धारातीर्थी पडले. सप्टेंबर २०१७ मध्ये त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. सगळ्याजणींना ते जमणार नाही, आणि जमलंच पाहिजे असंही नाही. एखादी शिवणकाम करील, एखादी नुसती मुलं वाढवील. तिला आपल्याकडून हवं असतं ते साधं शेजारपण.

तेव्हा ताई, चकती मलमलीत गुंडाळून कपाटात ठेवा. त्याआधी मुलाला जवळ बसवून चौकटीतलं नाव त्याच्याकडूनच वाचून घ्या आणि वहीत लिहून ठेवा. आणखी कुणाच्या माळ्यावर असं काही सापडलं असेल तर त्यावरचं नाव आणि तुम्हाला ठाऊक असलेली माहिती आम्हाला अवश्य कळवा.