इंदूरचे पाणी : जड कोणते, घातक कोणते?



इंदुरात घरोघरी दोन प्रकारचे पाणी येते. एक, सुमारे सत्तर किलोमीटरवरील जलूद येथून १९७८ पासून आणले जाणारे नर्मदेचे. दुसरे, माळव्याच्या काळ्या पाषाणातून उपसलेले बोरिंगचे. बोरिंगच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक. त्यामुळे डाळ लवकर शिजत नाही, साबणास फेस येत नाही, गिझरमध्ये व पूजेच्या ताम्हनावर पांढरा थर धरतो. (लिंबाने तो निघतो, हे गृहिणींस आम्ही काय सांगावे!) भारतीय मानकानुसार हा जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, अन्य स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालतो. म्हणजे असे पाणी त्रासदायक खरे, पण सहसा घातक नव्हे.

घातक ते नेहमी डोळ्यांस दिसतेच असे नाही. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस भागीरथपुऱ्यात मलजल मिसळलेले नळाचे पाणी पिऊन अनेकांचे प्राण गेले. तो नळ नर्मदेचाच होता. आपण मात्र तोटीवरील थर पाहून बोरिंगसाठी यंत्र बसवितो आणि नर्मदेचे पाणी नुसते गाळून पितो. आमच्या मते काळजीचा हा क्रम चुकीचा आहे. पिण्याचे पाणी, कोणतेही असो, खळखळून उकळावे; त्याने जंतू मरतात, आणि जडपणाचा काही अंशही भांड्याच्या तळाशी बसतो. नळास दुर्गंधी वा गढूळपणा आढळल्यास मात्र ते पाणी उकळूनही पिऊ नये. महापालिकेकडे लेखी तक्रार करावी व शेजाऱ्यांस त्याच क्षणी कळवावे.