सांगलीत पूरक्षेत्रात भराव टाकला, तर पाणी जातं कुठं?

आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ फुटांवर गेली की धोका. हे आकडे सांगलीत शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. नदीकाठच्या अनेक कुटुंबांनी तेव्हा विश्रामबागसारख्या उंच भागात नातेवाइकांकडे आसरा घेतला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तीच धावपळ झाली.

पुराची चर्चा निघाली की बोट अलमट्टीकडे जातं. धरणाचा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण त्यात शहराच्या आतला एक प्रश्न झाकला जातो. तो म्हणजे पूरक्षेत्रातला भराव.

भराव घालून जमीन तयार करणं म्हटलं की मुंबईची सात बेटं आठवतात. नदीकाठच्या शहरांत तेच काम डंपरने, गाजावाजा न करता होतं. सखल जागा किंवा नाला बघायचा, मुरूम आणि पाडलेल्या घरांचा राडारोडा टाकायचा, सपाट करून प्लॉट पाडायचे.

एका एकराने काय फरक पडतो?

साधा हिशोब करू. एक एकर जागेत पाच फूट भराव टाकला, तर तिथं मावणारं सुमारे ६१ लाख लिटर पाणी दुसरीकडे जातं. म्हणजे दहा हजार लिटरचे सहाशेहून जास्त टँकर. कृष्णेच्या महापुरापुढं हे काहीच नाही, हा युक्तिवाद एका प्लॉटपुरता खराही आहे. पण असे शेकडो प्लॉट झाले की तो टिकत नाही. शिवाय उंच केलेल्या प्लॉटवरचं पाणी आधी शेजारच्या जुन्या, खालच्या घरात शिरतं.

नाल्यांचं नुकसान त्याहून मोठं. नदी पात्रात असतानाही शामरावनगरसारख्या सखल भागात पावसाचं पाणी साचून राहतं. त्यात वाट बुजली, तर पूर ओसरल्यावरही पाणी लवकर निघत नाही.

नियम नाहीत असंही नाही. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदी आणि निळी रेषा यांच्यामधलं क्षेत्र निषिद्ध, निळ्या आणि लाल रेषेमधलं नियंत्रित. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीनेही पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांकडे लक्ष वेधलं होतं.

तरी लोक तिथं घर का बांधतात? कारण तिथला गुंठा परवडतो. उंचावरची जागा ज्याला झेपत नाही, तो गुंठेवारीतला प्लॉट घेतो. २००१ च्या गुंठेवारी कायद्याची मुदत २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवली गेली. त्यामुळे आज नाही तर उद्या घर नियमित होईल, ही आशा राहते. ती चुकीची म्हणून हिणवणं सोपं आहे. पण स्वस्त आणि कोरडी जागा कुठं मिळेल, याचं उत्तर त्या कुटुंबाला कुणी दिलेलं नसतं. भराव टाकून प्लॉट विकणारा मात्र पूर येईपर्यंत पैसे घेऊन मोकळा झालेला असतो.

प्लॉट घेण्याआधी महापालिकेच्या नगररचना विभागात पूररेषेच्या नकाशावर आपला सर्व्हे नंबर कुठं येतो, हे विचारावं. आणि शेजारच्या जुन्या घरात जाऊन २०१९ चं पाणी भिंतीवर कुठपर्यंत आलं होतं, तेही.