पाहुण्यांना काय दाखवावें?

परगांवचा स्नेही चार दिवसांसाठीं घरीं उतरला म्हणजे यजमानापुढें पहिला प्रश्न जेवणाचा असतो आणि दुसरा फिरण्याचा. पहिला प्रश्न कल्याणकर उत्तम रीतीनें सोडवितो; त्याबद्दल त्याची तारीफ करण्यास आम्ही मुळींच कचरणार नाहीं. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मात्र त्याच्या जिभेवर तयारच असतें: "येथें पाहण्यासारखें काय आहे? मुंबईलाच जाऊं." मग पाहुण्याला लोकलच्या गर्दींत कोंबून गेटवे ऑफ इंडियापुढें उभें करण्यांत येतें, दुसऱ्या दिवशीं लोणावळ्याची वारी होते, आणि कल्याण म्हणून त्या गृहस्थाच्या स्मरणांत उरतो तो केवळ स्टेशनावरचा पूल. या वृत्तीचा एकदां स्पष्ट शब्दांत निषेध व्हावयास हवा. तो आज आम्ही करीत आहों. आणि आरोपीच्या पिंजऱ्यांत आम्हीही उभे आहों, हें आरंभींच कबूल करतों.

दोन वर्षांपूर्वीं आमचे एक जुने सहाध्यायी विदर्भांतून आमच्याकडे आले होते. रात्रीं जेवण झाल्यावर त्यांनीं सहज विचारलें, "डॉक्टर आनंदीबाई जोशी तुमच्या कल्याणच्याच ना? त्यांचें घर कोठें होतें?" तीस वर्षें या गांवांत काढलेल्या आम्हांला उत्तर देतां आलें नाहीं. आम्ही सुपारीचा डबा पुढें केला आणि विषय बदलला. आनंदीबाई १८६५ सालीं कल्याणांत जन्मल्या. १८८६ सालीं फिलाडेल्फियास वैद्यकाची पदवी मिळवून त्या स्वदेशीं परतल्या, आणि प्रत्यक्ष रुग्णसेवेस लागण्यापूर्वींच १८८७ सालीं पुण्यास वारल्या. ही हकीकत आम्ही वर्गांत अनेकदां सांगितली आहे. त्यांची रक्षा पुढें न्यूयॉर्क संस्थानांतील पोकीप्सी गांवीं गेली आणि कार्पेंटर कुटुंबानें आपल्या दफनभूमींत तिला जागा दिली. सात समुद्रांपलीकडच्या कुटुंबानें तिची आठवण जपली. तिच्या जन्मगांवच्या प्राध्यापकाला मात्र तिच्या घराचा पत्ता ठाऊक नव्हता. याहून अधिक लाजिरवाणें दुसरें काय असावें?

"पाहण्यासारखें काय आहे?" हा प्रश्न विचारणारांनीं त्याचें उत्तर शोधण्याचे श्रम कधीं घेतले आहेत काय? इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथांत कल्याण बंदराचा उल्लेख आहे. येथें आलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचला नेलीं जात, असें त्यांत म्हटलें आहे. म्हणजे आलेला पाहुणा परगांवीं धाडण्याची आमची चाल बरीच जुनी दिसते! कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख आहेत. १६५७ सालीं शिवाजीमहाराजांनीं कल्याण व भिवंडी घेतली आणि मराठ्यांच्या आरमाराचा आरंभ दुर्गाडीखालच्या खाडींत झाला. बोरीबंदराहून ठाण्यास १८५३ सालीं पोंचलेला लोहमार्ग पुढच्याच वर्षीं कल्याणास आला. येथेंच त्याच्या दोन शाखा होतात: एक थळ घाटानें नाशिककडे, दुसरी बोर घाटानें पुण्याकडे. कर्जतच्या वाटेवरील तिसरें स्टेशन अंबरनाथ. तेथें शके ९८२ चें शिलाहारकालीन शिवालय उभें आहे. मधलें उल्हासनगर हें युद्धकाळांतील लष्करी छावणीच्या जागेवर, फाळणीनें घरदार गमावलेल्या सिंध्यांनीं वसविलें. एवढें सर्व एका दिवसाच्या फेरींत दाखवितां येतें, आणि लोणावळ्याच्या चिक्कीहून स्वस्त पडतें.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाहीं. खाडीचें पाणी नासलें आहे. अंबरनाथाच्या देवळाजवळून वाहणाऱ्या वालधुनीस नदी म्हणण्याचा धीर होत नाहीं. जुने वाडे पाडून तेथें मनोरे उठत आहेत. असला देखावा पाहुण्याला कोणत्या तोंडानें दाखवावा? आमचें म्हणणें असें कीं, या आक्षेपांतच त्याचें उत्तर आहे. पाहुणा येणार म्हटलें म्हणजे आपण घर झाडतों, चादरी बदलतों, कोपऱ्यांतलें अडगळीचें सामान हलवितों. गांवाला पाहुणाच येत नाहीं, म्हणून गांव झाडलें जात नाहीं. रोजच्या सरावानें आपल्या नाकाला जी दुर्गंधी जाणवेनाशी झाली, ती परक्याच्या कपाळावरील आठीनें पुन्हां जाणवूं लागते. नगरपालिकेकडे केलेल्या शंभर अर्जांनीं जी शरम उत्पन्न होत नाहीं, ती एका स्नेह्याच्या मौनानें होते. जें आपण कोणास दाखवीत नाहीं तें मोडलें तरी आपल्याला कळत नाहीं. वाडे पडले ते आपल्या याच बेफिकिरीमुळें.

शिवाय पाहुणा येतो तो मुळांत गेटवे पाहण्यासाठीं नव्हे. तें त्याला आमच्यावांचूनही पाहतां आलें असतें. तो आम्हांस भेटावयास येतो. आणि ज्या रस्त्यानें आपला मित्र रोज जातो, ज्या तळ्याकांठीं तो संध्याकाळीं टेकतो, तें पाहिल्यावांचून मित्र पुरता भेटला असें होत नाहीं. आपलें गांव त्याच्यापासून लपविणें म्हणजे त्याला ओसरीवरूनच परत लावण्यासारखें आहे.

आमचे विदर्भांतील स्नेही येत्या हिवाळ्यांत पुन्हां येणार आहेत. मुंबईचा बेत आम्ही रद्द केला आहे. सकाळीं दुर्गाडी, दुपारीं अंबरनाथ, असा क्रम ठरला आहे. वालधुनीपाशीं नाकाला रुमाल लावावा लागेल, तो लावूं. आणि तत्पूर्वीं गांवांतील चार वृद्धांच्या घरीं जाऊन त्या अपुऱ्या राहिलेल्या पत्त्याची विचारपूस करण्याचें काम आम्हांला उरकावयाचें आहे.